बाबांनी बांधलेली पाटी

९ मार्च

पाटी अजून पाण्याबाहेर यायची आहे आणि दोर सोडता येत नाही, म्हणून हे गुडघ्यावर कागद ठेवून एका हाताने लिहितो आहे. अक्षराला हसू नकोस, चिमे. वर रस्त्यावर बसवाला हॉर्न वाजवतोय. त्याला सांगितलं, सरकारी काम आहे, थांब. तो म्हणाला, "तुमचं सरकार पाण्यातून वर येतंय का?"

आली.

तू दिलेली दगडी पाटी महिनाभर धक्क्याच्या खांबाला लटकत होती. तिच्यावर हिरवं शेवाळ आहे, थोड्या पांढऱ्या खपल्या आहेत. काळा शिंपला मला तरी दिसत नाही. तू नीट बघ. मला शिंपल्यांतलं कळतं, पण आपल्या. हा परका लहानपणी कसा दिसतो ते तुलाच ठाऊक.

मेहुण्याने पुन्हा विचारलं आहे. त्याच्या शीतगृहात काम आहे, मागे राहायला दोन खोल्या. हिचा जीव तिकडे ओढतो. इकडे मे महिन्यात कालवांचं बी दोरांना लावायचं. एकदा लावलं की दोन वर्षं इथून हलता येत नाही. तो काळा शिंपला येणार असेल तर लावून उपयोग नाही, आम्ही जातो. येणार नसेल तर राहतो. तेव्हा ज्योतिषीणबाई, आमच्या खाडीचं भविष्य सांगा. मेच्या आत.

बाबा मजेत. पाटी त्यांनीच बांधली. मला गाठ मारू देत नाहीत.

दादा

१४ मार्च

दादा,

पाटी पोचली. ओलं फडकं, वर गोणपाट, त्यावर बाबांची गाठ. ती इथे कुणाला सोडवता येईना. मी पुढे झाले तर सगळे बाजूला सरले, जणू मी कुणाचं पोट फाडणार आहे.

भिंगाखाली पाहिली. काळा शिंपला नाही.

पण एका पाटीवर संसार ठरवू नकोस. दक्षिणेच्या मोठ्या बंदरात तो कुठल्यातरी जहाजाच्या बुडाला चिकटून आला. त्याची पिलं डोळ्यांना दिसत नाहीत. पाणी नेईल तिकडे जातात आणि काही आठवड्यांनी जे सापडेल त्याला धरून बसतात. खडक, दोर, बोट, कालव. मग एकावर एक बसतात आणि खालचा गुदमरतो. आमचं काम एवढंच, की तो कुठल्या खाडीत कधी पोचेल ते आधी सांगायचं. थांबवण्याचं काम आमच्याकडे नाही. कुणाकडेच नाही.

माझ्या टेबलासमोर किनाऱ्याचा नकाशा आहे. तो पोचला ती खाडी काळी, पोचेल ती करडी, बाकी पांढऱ्या. सगळीकडून पाट्या येतात, त्यांवरून मी दर महिन्याला गणित पुन्हा मांडते. आजच्या गणिताने तो आपल्या दक्षिणेच्या भूशिराच्या टोकाला वळसा घालून उन्हाळा संपताना आपल्याकडे येईल. आपली खाडी करडी रंगवताना हात थांबला. मुख्य बाई मागेच उभ्या होत्या. म्हणाल्या, "रंग वाळतोय."

एक विचारते. रविवारी टेकडीवर जाऊन तू फोन लावून दिलास, तेव्हा बाबांनी मला विचारलं, कितवीत आहेस. थट्टा होती ना? फोनवर तू सगळ्याला बरं बरं म्हणतोस. पत्रात लिही.

चिमी

११ एप्रिल

चिमे,

थट्टाच. त्यांचा स्वभाव तुला माहीत आहे. समोरच्याला गोंधळात टाकायचं आणि आपण दुसरीकडे बघायचं.

पाटीचं काम आता पूर्ण त्यांच्याकडे दिलंय. होडीत नेत नाही, गुडघे दुखतात. धक्क्यावर बसून पाटी वर घेणं, बांधणं, नवी सोडणं हे ते करतात. त्या दिवशी खुशीत असतात. "पोरीचं काम आहे" म्हणून हिला चहाला सुद्धा थांबवून ठेवतात. या खेपेची पाटी मी पाहिलीही नाही. मी कालवांच्या तराफ्यावरून येईपर्यंत ती बसमध्ये चढली होती. म्हणून हे पत्र मागून, टपालाने.

आता कामाचं. दोरांवर काळे दाणे दिसले आहेत. मोहरीएवढे. नखाने लवकर निघत नाहीत. तुझ्या पाटीवर तसे असतील तर तो परका. नसतील तर आपलंच काहीतरी असणार, असं मी धक्क्यावर सगळ्यांना सांगितलं. मंडळी रोज विचारतात, "बहिणीचं पत्र?" आमच्यापेक्षा टपालवाल्यालाच त्यांनी घाबरवून सोडलंय.

ही म्हणते, "तुमची बहीण चौथ्या मजल्यावरून समुद्र बघते आणि तुम्ही समुद्रात उभे राहून तिला विचारता." बोलण्यात हिचा हात कोण धरणार.

दादा

१९ एप्रिल

दादा,

ते दाणे डबीत घालून लगेच पाठव. वाट बघू नकोस.

पाटीवर मात्र एकही नाही. शेवाळ, खपल्या, सगळं जागच्या जागी, काळं काही नाही. आणि टोकाच्या दक्षिणेला जी शेवटची खाडी आहे, तिथली पाटी दोघांना मिळून उचलावी लागली. पाटी कुठली, शिंपल्यांचा गोळाच. टोकाच्या एका बाजूला हे आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही. माझ्या गणितात ते बसत नव्हतं.

मग लक्षात आलं. टोकाशी नदी समुद्राला मिळते. त्या पिलांना गोडं पाणी सोसत नाही. म्हणजे तिथे पाण्याचाच पडदा आहे आणि ती त्याच्या पलीकडे जात नाहीत. दोन दिवस मी दुसरं काही केलं नाही. नदीचे जुने आकडे काढले, प्रवाहाचे काढले. बसत गेलं. बाईंना दाखवलं तर त्या खुर्चीतून उठल्या. त्या कुणासाठी उठत नाहीत.

आपली खाडी पांढरी होऊ शकते, दादा. डबी येईपर्यंत कुणाला सांगू नकोस.

वहिनीला सांग, चौथ्या मजल्यावरून समुद्र दिसत नाही. समोर पाण्याची टाकी आहे.

चिमी

२४ एप्रिल

चिमे,

डबी पाठवतोय. दाणे मी चाकूने खरवडून ताटलीत ठेवले होते, बाबांनी भरून बांधून दिली. बस सुटतेय.

कुणाला सांगितलं नाही. हिला सांगितलं. हिने ऐकलं आणि पेटीत आणखी दोन साड्या भरल्या.

दादा

२ मे

दादा,

डबी पाहिली. जीव भांड्यात पडला. कालवांची पिलं आहेत, आपली, निवडून घ्यावीत इतकी सुबक. तू मोहरीएवढी म्हणालास, ही मसुरीएवढी आहेत. लहानपणी हातून सुटलेला मासा तू हातभर दाखवायचास, आता उलट झालंय. पिलं लहान असताना गडद दिसतात, त्यात तुझी चूक नाही.

बाईंचा अहवाल काल वर गेला. टोकाच्या उत्तरेचा किनारा निर्धोक. उत्तरेच्या बंदरांत बोटींची बुडं धुण्याची सक्ती होती, ती उठणार. लोक त्या धुण्याला वैतागले होते. इथे सगळे माझ्या टेबलापाशी येऊन नकाशा बघून जातात. आपली खाडी मी स्वतः पांढरी केली. करड्यावर पांढरा बसत नाही, तीन हात द्यावे लागले.

बी लाव. मी सांगते, लाव.

चिमी

२१ मे

चिमे,

लावलं. सगळ्या दोरांना लावलं, एकही रिकामा ठेवला नाही. तुझं पत्र धक्क्यावर मोठ्याने वाचलं, "मी सांगते, लाव" हे दोनदा वाचायला लावलं मला. त्या संध्याकाळी बाकीच्यांनीही लावायला घेतलं. पाठीवर इतक्या थापा पडल्या की दुसऱ्या दिवशी वाकता येईना.

मेहुण्याला नाही म्हणून कळवलं. ही पेटीत भरलेले कपडे काढून पुन्हा कपाटात लावत होती. मी म्हटलं, "चिमी खात्रीने सांगते आहे." ही म्हणाली, "मी कुठे काय म्हटलं?" आणि माझे सदरे जरा जोरात आपटून घड्या घातल्या.

बाबा छान आहेत. परवा पाटी बांधताना गुणगुणत होते.

दादा

२८ जुलै

दादा,

दोन महिने तुझं पत्र नाही. पाट्या वेळेवर येतात, सोबत चिठ्ठीसुद्धा नसते. फक्त बाबांची गाठ. रविवारी टेकडीवरूनही फोन नाही. रागावलास का? वहिनी बरी आहे ना?

इथे एक गोष्ट झाली आहे. उत्तरेला, आपल्याही पुढे बऱ्याच लांब, एका बंदरात काळा शिंपला सापडला. थोडाथोडका नाही, धक्क्याची पायरी दिसत नाही इतका. पडदा असेल तर तो तिथे जाऊ शकत नाही. बाई म्हणाल्या, एखाद्या बोटीने नेला असेल, सुटं प्रकरण आहे. मी हो म्हटलं. पण बोट निघाली कुठून?

तुझ्या पाट्या अजून स्वच्छ आहेत, म्हणून सगळे गप्प आहेत. सगळा नकाशा त्या एका पाटीवर उभा आहे असं म्हटलं तरी चालेल. तू स्वतः दोर बघतोस ना? मला फक्त "नाही" एवढं लिहून पाठव.

चिमी

६ ऑगस्ट

चिमे,

नाही असं लिहिता येत नाही.

दोर काळे आहेत. जूनच्या मध्यापासून आहेत. वरून खालपर्यंत, बोट घालायला जागा नाही. आत कालवं आहेत, उघडून पाहिली तर पाणी. तराफा एका अंगाला पाण्याखाली गेलाय. सगळ्यांचेच गेलेत.

मी लिहिलं नाही, कारण तुझ्या ऑफिसातून दर महिन्याला छापील कार्ड यायचं, या खाडीत आढळला नाही. मला वाटलं मी चुकतोय, हे दुसरंच काही असेल आणि जाईल. मग वाटलं, तुझ्यावर येईल. मग कसं लिहायचं तेच कळेना.

परवा तुझं पत्र आलं. मी ते खिशात घालून पाटीच्या वेळी धक्क्यावर गेलो आणि मागे उभा राहिलो. बाबा पाटी मांडीवर घेऊन बसले होते. पाटी काळीभोर. चाकूचं टोक एकेका शिंपल्याखाली घालून ते तो उचलत होते आणि पाण्यात टाकत होते. शेवाळाला धक्का नाही, खपलीला धक्का नाही. आयुष्यभर कालवांवरची घाण त्यांनी अशीच काढली, कालवाला ओरखडा न येऊ देता. सकाळी याच बोटांना सदऱ्याचं बटण सापडत नव्हतं. मी लावून दिलं होतं.

मी म्हटलं, "बाबा, हे काय करताय?"

"पोरीकडे जायचंय."

"पण तिला हेच बघायचंय. हेच."

माझ्याकडे त्यांनी असं पाहिलं, जणू विसरभोळा मीच. म्हणाले, "एकटी राहते पोर. तिला घाण पाठवायची?"

डबीचंही विचारलं. म्हणाले, ताटलीत कचरा होता, तो टाकला, चांगली वेचून घातली.

ते थट्टा करत नव्हते, चिमे. फोनवर. दीड वर्ष होत आलं. मला कधी मोठा भाऊ समजतात, कधी तराफ्यावरचा गडी. हिला ओळखतात. तुझं नाव घेतात, पण तुझ्या दोन वेण्या असतात. तुला सांगितलं असतं तर तू काम सोडून आली असतीस, आणि येऊन काय करणार होतीस? मी काय करतोय? पाटीच्या दिवशी ते आधीसारखे असायचे, म्हणून ते काम त्यांना दिलं.

दादा

१३ ऑगस्ट

दादा,

पत्र ऑफिसात आलं. उभ्याने वाचलं, मग जिन्यात जाऊन बसले.

बाईंना त्याच दिवशी सांगितलं. त्यांनी दार लावलं. मला वाटलं आता कानउघाडणी. त्यांनी विचारलं, "वडिलांचं वय काय?" सांगितलं. त्या म्हणाल्या, "माझी आई मला तिची थोरली बहीण समजते." मग त्यांनी अहवाल काढला आणि आम्ही दोघींनी तो ओळीने खोडत नेला.

उत्तरेच्या बंदरांना कळवलं, बुडं पुन्हा धुवायला लागा. एकाने उत्तर पाठवलं, आता धुऊन काय उपयोग. त्या मधल्या महिन्यांत आपल्या खाडीतल्या बोटी तिकडे कालवांचं बी घेऊन गेल्या होत्या. तुमच्याकडचं उरलेलं. न धुता.

गणित पुन्हा मांडलं. पडदा नाही. कधीच नव्हता. माझ्या पहिल्या गणितापेक्षाही तो लवकर आला होता, तुझी मोहरी म्हणजे तोच. एप्रिलमध्ये खरं कळलं असतं तरी आपली खाडी जायचीच. मी दहा वेळा वेगवेगळे आकडे घालून पाहिलं, कुठल्याच आकड्याने ती वाचत नाही. फक्त तुम्ही शीतगृहामागच्या दोन खोल्यांत असता. आणि उत्तरेचा किनारा कदाचित थोडा उशिरा गेला असता.

आणखी एक. मेच्या पाटीवर बारीक केसांसारखे धागे होते. शिंपला ज्या धाग्यांनी चिकटतो तसे. शिंपला काढला की ते मागे राहतात. मी नोंदीत शेवाळ लिहिलं. बाबांच्या हातून तेवढंच राहिलं होतं आणि ते माझ्या भिंगाखाली आलं होतं. मला आपली खाडी पांढरी हवी होती, दादा. बाबांनी पाटी साफ केली, ती मी आणखी साफ केली.

येऊ का? तू विचारलंस तेच मीही विचारते, येऊन काय करणार. दोन वेण्या घालून बसेन त्यांच्यासमोर.

ऑफिसला खरी पाटी हवी आहे. ती तराफ्याखाली बांध, त्यांना दिसणार नाही अशी. धक्क्यावरची बंद करू नकोस. ती माझ्या नावाने येऊ दे.

दोर पाण्याबाहेर काढून उन्हात टाकले तर शिंपला आठवड्यात मरतो. कालवंही मरतात. माझ्याकडे सांगण्यासारखं एवढंच आहे.

चिमी

२ सप्टेंबर

चिमे,

कालवं आधीच मेली आहेत, तेव्हा तो प्रश्न सुटला.

खरी पाटी तराफ्याखाली बांधली आहे. ती ऑफिसच्या नावाने जाईल. तुझी वेगळी.

मेहुण्याला पत्र टाकलं होतं. त्याने दुसरा माणूस घेतलाय. बिचाऱ्याने फार अजिजीने लिहिलंय, जणू चूक त्याचीच. हिने पत्र वाचलं, घडी घातली आणि मला म्हणाली, "जेवून घ्या." एवढंच. टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं. धक्क्यावर मी गेलो की सरकून जागा देतात. तुझं पत्र मोठ्याने वाचलं होतं तिथेच बसतो.

तुझ्याविषयी एकाने विचारलं. "बहिणीची नोकरी राहिली ना?" मी हो म्हटलं. राहिली ना?

बाबांना यातलं काही माहीत नाही, किंवा रोज नव्याने कळतं. तराफा बुडालेला बघतात आणि मला रागावतात, "एवढं ओझं कुणी लादलं?" मी सांगतो, उद्या काढतो.

ते आता खरंच उद्या आहे. सगळ्यांनी मिळून ठरवलंय. सकाळी ओहोटी आहे, दोर कापायचे आणि वाळूवर ओढून टाकायचे. बाबांनी ते बघू नये असं मला वाटतं, पण पहाटे उठून धक्क्यावर येतात, अडवणार कसं? हिला सांगितलं तर म्हणाली, बघते मी.

नंतरचं काही ठरलेलं नाही. तू येऊ नकोस. किंवा ये. मला कळत नाही.

दादा

३ सप्टेंबर

काल बस चुकली, म्हणून पाकीट उघडून लिहितो. सकाळी दोर कापले. तराफा वर आला. बाबा धक्क्यावर आले नाहीत, हिने धक्क्यावरची पाटी पहाटेच घरी नेऊन त्यांच्या मांडीवर ठेवली होती. आम्ही परत येईपर्यंत त्यांनी ती पूर्ण साफ केली होती. सोबत पाठवली आहे. गाठ त्यांचीच आहे.